सायबर कॅफे आता घरातच आहे

वीसएक वर्षांपूर्वी बेळगाव-निपाणीत गल्लोगल्ली सायबर कॅफे होते. तासाचे पैसे मोजायचे, लाकडी खोक्यात बसायचे आणि निकाल पाहायचा किंवा परदेशातल्या भावाला ई-मेल करायचा. त्या खोक्यांत आणखी काय चालते याची कुजबुज तेव्हाही होती. शेवटी केंद्र सरकारने एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी नियमच काढले. ओळखपत्राशिवाय कोणाला बसू द्यायचे नाही. ज्याच्याजवळ ओळखपत्र नाही अशा अल्पवयीन मुलाला मोठ्या माणसासोबतच आत घ्यायचे. फळ्यांची उंची साडेचार फुटांहून जास्त ठेवायची नाही. कोणत्या संगणकावरून कोणत्या संकेतस्थळांवर गेले याची नोंद किमान वर्षभर जपायची. म्हणजे मुलाने इंटरनेटवर काय पाहिले याची जबाबदारी सरकारने कॅफेच्या मालकावर टाकली होती.

ते कॅफे बंद पडले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ज्या पोरांच्या हाती आपण मोबाइल देत नव्हतो त्यांच्या हाती शाळेनेच तो द्यायला लावला. पाठोपाठ फायबरची बारीक तार वाड्यात शिरली. आज देवघराच्या भिंतीला किंवा टीव्हीच्या मागे एक डबी लुकलुकत असते. कॅफे घरात आला, मालक झाले वडील, आणि मालकाला आपण मालक आहोत याची खबरच नाही! साडेचार फुटांची फळी गेली, तिच्या जागी कडी लावलेली खोली आली.

म्हणून गेल्या काही दिवसांत आमच्याकडे एकच प्रश्न वारंवार येतो. या डबीतून, म्हणजे राउटरमधून, पोरगा काय बघतो ते आपल्याला कळेल का? आणि कळत असेल तर बघावे का? पहिला प्रश्न यंत्राचा आहे, दुसरा घराचा. आमच्या मते लोक पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा विसरतात, म्हणून दोन्हींबद्दल लिहिणे भाग आहे.

आधी यंत्राचे. राउटरच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. घरच्या वायफायवर असताना तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचे पान उघडते. तिथे नाव आणि पासवर्ड मागतात. पुष्कळ घरांत तो अजून कारखान्यातून आला तसाच असतो. बसवून देणाऱ्या मुलाला तो ठाऊक असतो, आणि आपल्या चिरंजीवांनाही. पहिले काम तो बदलण्याचे. आत गेल्यावर घरातली कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत त्यांची यादी दिसते, आणि बऱ्याच राउटरमध्ये ठरावीक उपकरणाला ठरावीक वेळी इंटरनेट बंद करण्याची सोय असते. काहींत कोणत्या संकेतस्थळांकडे मागणी गेली याची नोंद म्हणजे लॉगही मिळतो.

आता ही नोंद वाचायची कशी, हे नीट समजून घ्यावे. आज बहुतेक सगळी संकेतस्थळे कुलूपबंद आहेत. काही ब्राउझरमध्ये पत्त्याच्या बाजूला लहानसे कुलूप दिसते ते हेच. त्यामुळे राउटरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. मुलगा यूट्यूबवर दोन तास होता एवढे कळेल. त्याने त्रिकोणमिती पाहिली की कुणाचे तरी रील, हे कळणार नाही. व्हॉट्सॲपवर बोलला हे कळेल. कोणाशी आणि काय, हे नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या नोंदीत मुलाने न केलेल्या गोष्टीही लिहिल्या जातात. मोबाइल उशाशी पडलेला असतो, मुलगा गाढ झोपलेला असतो आणि रात्री दोन वाजता ॲप आपापली अपडेट करून घेत असतात. नोंदीत मात्र २ वाजून १० मिनिटे आणि पुढे चार ओळी. बातमीच्या पानावर जुगाराची जाहिरात लटकलेली असली तर पान उघडताच त्या जाहिरातवाल्याचे नावही नोंदीत येते. आम्ही हिशेबाची माणसे. खातेवहीतली एक ओळ पाहून कोणाला चोर ठरवू नये, आधी व्हाउचर पाहावे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले जाते. इथे व्हाउचर नसतेच. त्या ओळीवर विश्वास ठेवून चौदा वर्षांच्या मुलाच्या कानशिलात बसली आणि तो निर्दोष निघाला, तर पुढची पाच वर्षे तो तुम्हाला काहीही सांगणार नाही.

उलट बाजूही आहे. पोरांची समजूत अशी की ब्राउझरची ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडली की कोणाला काही कळत नाही. ती खिडकी फक्त त्या मोबाइलमधला इतिहास ठेवत नाही. राउटरला आणि कंपनीला पत्ता दिसायचा तो दिसतोच. हे मुलांना जरूर सांगावे. मात्र पोरे याहून पुढे गेलेली असतात. २०१९-२० नंतरचे मोबाइल वायफायला जोडताना आपला खरा उपकरण क्रमांक न देता बनावट क्रमांक देतात. राउटरवर तुम्ही ‘मुलाचा मोबाइल’ म्हणून जो क्रमांक बंद केला तो दुसऱ्या दिवशी निराळाच असू शकतो. घरच्या वायफायपुरती ही सोय मोबाइलमध्ये बंद करता येते. व्हीपीएन टाकले की नोंदीत एकाच दुकानाचे नाव दिसते, बाकी सगळे त्या दुकानाच्या मागे. आणि सगळ्यांत सोपी पळवाट म्हणजे वायफाय बंद करून सिमकार्डाचा डेटा वापरणे. राउटर बिचारा भिंतीवर लुकलुकत राहतो. शेजारच्या काकूंचा पासवर्ड, आजोबांचा मोबाइल, या तर घरगुतीच वाटा झाल्या. एकत्र कुटुंबाच्या घरात दोन चुलते, तीन कनेक्शने आणि सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना पाठ, असे असते. तिथे एका डबीला कुलूप लावून काय होणार?

मग ही डबी निरुपयोगी आहे का? तसेही नाही. पहिला उपयोग वेळेचा. रात्री साडेदहा ते सकाळी सहा मुलांच्या उपकरणांना इंटरनेट बंद ठेवायचे, ही एक गोष्ट राउटर उत्तम करतो, आणि मोबाइलबरोबर टीव्हीलाही तो नियम लागू होतो. बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी दुसरे वायफाय काढता येते. मुलांची उपकरणे त्यावर ठेवली आणि वेळ त्यालाच लावली की काम सोपे होते. दुसरा उपयोग गाळणीचा. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० पासून घरगुती वापरासाठी १.१.१.३ हा फुकट पत्ता दिलेला आहे. राउटरच्या डीएनएसच्या जागी तो टाकला की अश्लील आणि घातक संकेतस्थळांची बरीचशी दारे बंद होतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या समोर नकळत काही येऊ नये, एवढ्यासाठी ही गाळणी चांगली. पंधरा वर्षांच्या मुलाने ठरवलेच तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो तिला वळसा घालतो. तिसरा उपयोग खुद्द मालकाच्या बचावाचा. आपल्या वायफायवरून कोणी गुन्हा केला तर पोलिसांचा माग त्या कनेक्शनच्या नावापर्यंत येतो, म्हणजे वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावापर्यंत. लहान मुलांची अश्लील चित्रे मोबाइलमध्ये साठवणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. गल्लीतल्या पोरांना, भाडेकरूंना, पेईंग गेस्टना वायफायचा पासवर्ड वाटत सुटणाऱ्यांनी याचा विचार करावा.

यंत्राचे एवढेच. आता घराचे.

सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या बेळगावच्या वेशीवरच्या काकती गावात मोबाइलवरच्या पबजी खेळावरून बापलेकांत वाद झाला आणि मुलाने वडिलांचा जीव घेतला. देशभर बातमी झाली. त्या वेळी चौकाचौकात ‘मोबाइल हिसकावून घ्या’ असाच सूर होता. आम्हाला तेव्हाही तो पटला नव्हता. तो मुलगा अल्पवयीन नव्हता, विशीतला होता. एका खेळामुळे माणूस खुनी होत नाही, त्यामागे बरेच काही साचलेले असते. मात्र इतके निश्चित, की मूल लहान असताना जो नियम शांतपणे घालता येतो तो वीस वर्षांच्या घोड्याला हिसकाहिसकी करून घालता येत नाही. ती वेळ टळून गेलेली असते.

दुसरे उदाहरण उलट्या टोकाचे. २०१७ साली मुंबईत अंधेरीत एका शाळकरी मुलाने जीव दिला आणि ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाची भीती महाराष्ट्रभर, आपल्या भागातही, वणव्यासारखी पसरली. शाळांतून सूचना निघाल्या, आईबाप रात्री मुलांचे हात तपासू लागले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले, की या खेळामुळे मृत्यू झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. भीतीच्या भरात घातलेली बंधने अशी असतात. ज्या मुलाच्या मनात खरोखर काही सलत होते त्याच्याशी बोलायचे राहूनच गेले.

तिसरी गोष्ट आपल्या राजकारणाची. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दंगल उसळली, इंटरनेट बंद करावे लागले, आणि ते स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुले होती. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर आहे. आपल्याकडे १ नोव्हेंबर जवळ आला, पुतळ्याचा किंवा फलकाचा वाद निघाला, की आठवी-नववीतली पोरेही काय काय पुढे ढकलत असतात हे आम्ही पाहतो. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवरायांच्या पुतळ्याची आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाली त्या दिवसांत शहराने काय भोगले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. लढा मोठ्यांचा आहे, तो मोठ्यांनी कायद्याच्या मार्गाने लढावा. सोळा वर्षांच्या मुलाच्या नावावर गुन्हा नोंद होणे, पुढे त्याच्या नोकरीच्या नि पासपोर्टच्या वेळी ते निघणे, ही किंमत त्याने का मोजावी? आणि हे रोखायला राउटर मुळीच कामाचा नाही. पाकिटाच्या आतले त्याला दिसतच नाही, हे वर सांगितलेच. तिथे जेवताना बोलणे हाच उपाय. ‘अरे, हे तुला कोणी पाठवले, खरे आहे का, तू पुढे का पाठवलेस?’ हे विचारणारे कोणीतरी घरात हवे.

आता जरा अडचणीचा मुद्दा. आपल्या जुन्या घरांत नजर ठेवायची म्हटले की ती मुलीवर ठेवली जाते. मुलाच्या मोबाइलला चौकशी नाही, मुलीचा मोबाइल मात्र आई, दादा आणि प्रसंगी आत्याही उघडून पाहते. राउटरचा हा नवा डोळाही त्याच कामाला जुंपला जाणार अशी आम्हाला धास्ती आहे. केरळात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल बंद ठेवण्याचा नियम मानला नाही म्हणून वसतिगृहातून काढले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे असे मानले. ती सज्ञान होती आणि ते वसतिगृह होते, घर नव्हे, हे खरे. तरी प्रश्न तोच आहे. एसएसएलसी झालेली मुलगी बंगळूर-पुण्याला शिकायला पाठवायची म्हणतो, आणि घरी असेपर्यंत तिला स्वतःचा पासवर्डही असू नये म्हणतो, हे जुळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींनी लढवलेला होता. नियम करायचा असेल तर तो मुलगा-मुलगी दोघांना सारखाच हवा.

आणि मोठ्यांनाही. हे आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. बाप जेवताना रील बघतो, आई मालिका बघते, आणि पोराने मात्र अभ्यास करायचा! सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या अग्रण धुळगावानेही तसेच केले. त्या धुळगावाचे पाहून आपल्या बेळगाव तालुक्यातल्या हलग्याने सात ते नऊ हे दोन तास ठरवले. सुवर्ण विधानसौधच्या शेजारचे हे गाव. या गावांनी कोणाची नोंद तपासली नाही, कोणावर पाळत ठेवली नाही. भोंगा सरपंचाच्या घरालाही ऐकू येतो, यातच त्याची ताकद आहे. घरच्या राउटरवर रात्री साडेदहाची वेळ लावायची ती अशीच लावावी, वडिलांच्या मोबाइलसकट. ज्यांना रात्रपाळी आहे त्यांचे वेगळे.

बँकेत आम्ही एक गोष्ट रोज पाहतो. लहान मुलाचे खाते आधी पालकाच्या सहीने चालते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये नवे परिपत्रक काढले. त्यानुसार दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता येते. एटीएम कार्ड द्यायचे का, किती रकमेपर्यंत, हे बँक आपापली जोखीम पाहून ठरवते. खाते उणे मात्र होऊ द्यायचे नाही. अठरा पूर्ण झाली की नवी सही, नवा नमुना, आणि पालकाचा हात सुटला. पैशाच्या बाबतीत आपण हे सगळे निमूट मान्य करतो. इंटरनेटला हाच हिशेब का लावू नये? सात-आठ वर्षांच्या मुलाला गाळणी, वेळ आणि शेजारी मोठे माणूस. बारा-तेराव्या वर्षी गाळणी, वेळ, आणि आठवड्यातून एकदा त्याच्या सोबत बसून नोंद पाहणे. त्याच्या पाठीमागे नव्हे. पंधरा-सोळाव्या वर्षी फक्त वेळ. तपासनीस बँकेत येतो तो वर्दी देऊन किंवा न देता, पण ओळखपत्र दाखवून येतो. चोरून कपाट उघडणाऱ्याला तपासनीस म्हणत नाहीत. मुलाला ठाऊक नसताना त्याच्या मोबाइलमध्ये हेरगिरीचे ॲप घालण्याला आमचा विरोध आहे. तसली ॲप मुलाची चित्रे आणि संदेश कोणत्या देशातल्या कोणत्या संगणकावर नेऊन ठेवतात याचा पत्ता बापालाही नसतो.

कायदा आपल्या मदतीला येतो आहे, पण हळूहळू. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल मानले आहे. त्यांची माहिती घ्यायला पालकाची पडताळून घेतलेली संमती लागेल आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती मारायला कंपन्यांना मनाई होईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना समाजमाध्यमांवर खातेच ठेवू द्यायचे नाही असा नियम लागू केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंद केले, त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. आईच्या यूपीआयवरून पोराने खेळात पैसे उडवले आणि महिनाअखेरीस खात्यावर शिल्लक नाही, असे रडगाणे घेऊन येणारी माणसे काउंटरवर पाहिली की जीव तुटतो. असे घडलेच तर लाज बाळगून गप्प बसू नये. फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

राहता राहिला भाषेचा मुद्दा, आणि तो इथे आल्यावाचून कसा राहील! राउटरचे पान इंग्रजीत. एका कंपनीच्या ग्राहक सेवेला आम्ही फोन लावला, तर कन्नड, हिंदी, इंग्रजी यांपैकी निवडा. ज्या आजीच्या घरात दिवसभर नातू वायफायवर असतो, तिला मराठीखेरीज दुसरी लिपीच वाचता येत नाही. १५ टक्के भाषिक अल्पसंख्याकांचा निकष सरकारी कागदपत्रांसाठी आहे आणि तोही आपल्याला भांडून मागावा लागतो. खासगी कंपनीला तो बांधत नाही. पण कंपनीला ग्राहक हवा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी घरांनी कनेक्शन घेताना किंवा बिल भरताना ‘मुलांसाठी वेळ कशी लावायची ते मराठीत लिहून द्या’ एवढी मागणी केली तरी काही महिन्यांत तसा कागद छापून येईल, अशी आमची खात्री आहे. तोवर आमच्या परीने आम्ही सुरुवात करतो. आपल्या भागात जे चार-पाच प्रकारचे राउटर सर्रास बसवले जातात त्यांवर पासवर्ड बदलणे, मुलांचे वेगळे वायफाय काढणे आणि रात्रीची वेळ लावणे, याची मराठी टिपणे पुढील अंकापासून क्रमाने देत आहोत. कोणाच्या घरी वेगळ्या बनावटीची डबी असल्यास तिच्या पाठीवरच्या चिठ्ठीतले कंपनीचे नाव व मॉडेल उतरवून पाठवावे. पासवर्ड मात्र पाठवू नये.